साठ्यांचा सातवा रकाना

मधुसूदन साठ्ये सुखरूप आहेत. पुण्यात असतात, सकाळी टेकडीवर फिरायला जातात, असं कळतं. त्यामुळे त्यांच्याविषयी चार वाईट शब्द लिहायला मला कसलाही संकोच नाही. गेलेल्या माणसाबद्दल लोक हात राखून लिहितात. मी हात राखणार नाही. ह्या माणसाने सात वर्षं माझा जीव खाल्ला आहे.

माझी ओळख थोडक्यात करून देतो, नाहीतर माझा राग कळायचा नाही. इचलकरंजीहून डिप्लोमा घेऊन अमेरिकेत आलो, मेव्हण्याच्या बेसमेंटमध्ये राहिलो, पेट्रोल पंपावर थंडीत उभा राहिलो आणि शेवटी शॉमबर्गजवळ टायर आणि ब्रेकचं स्वतःचं दुकान काढलं. आयुष्यात जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. समोरच्याने पहिला भाव सांगितला की माझ्या कानशिलावरची शीर उडायला लागते. बायको म्हणते, "तुम्ही देवळात नारळ घेतानासुद्धा भांडता." भांडतो. नारळवाला ऐकतोही.

२००१ च्या उन्हाळ्यात साठ्ये माझ्या दुकानात टायर बदलायला आले. पन्नाशी उलटलेला सडपातळ माणूस, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक व्हर्नियर. टायरची झीज मापायला ते स्वतःचा व्हर्नियर घेऊन आले होते. आपला माणूस दिसला म्हणून मी चार टायरचा भाव चढवून सांगितला. आपला माणूस भाव करणारच, तेव्हा उतरायला जागा पाहिजे, हा माझा नेहमीचा हिशेब. साठ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "ठीक आहे," आणि कार्ड पुढे केलं.

मी गांगरलोच. अख्खा दिवस माझं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोन केला आणि सांगितलं की अलाइनमेंट करायची राहिली आहे, या, फुकट करून देतो. एवढा एकच फुकट उद्योग मी केला आणि तोच मला सात वर्षं भोवला.

कारण अलाइनमेंट होईपर्यंत वेळ होता, आणि साठ्यांच्या बगलेत फाइल होती.

फाइल उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "हात धुवायला कुठे जाऊ?" हात धुऊन, रुमालाला एकेक बोट पुसून, मग त्यांनी ती निळी जाडजूड फाइल माझ्या काउंटरवर ठेवली. साठ्ये एका मोठ्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर होते. त्यांना स्वतःच्या हाताने गाडी बांधायची होती. अमेरिकेत अशा गाड्यांचे संच मिळतात: लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि फायबरचं अंग एका कंपनीकडून घ्यायचं, इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं एखाद्या अपघातात चेपलेल्या गाडीतून काढायची, आणि आपल्या गॅरेजमध्ये सगळं जोडायचं. हौशी माणूस हे काम एका हिवाळ्यात संपवतो. साठ्यांनी त्याला सात वर्षं लावून दिली होती.

आलेखाच्या कागदावर सात रकाने. पहिलं वर्ष, वाचन. दुसरं वर्ष, जागा. तिसरं, हत्यारं. चौथं, दाता गाडी. ज्या गाडीतून इंजिन काढायचं तिला ते दाता म्हणत. पाचवं, संच. सहावं, जोडणी. प्रत्येक रकान्यात मुंगीच्या पायासारखं अक्षर. सातवा रकाना मात्र कोरा होता.

"इथे काय?" मी बोट ठेवलं.

त्यांनी माझं बोट अलगद उचलून बाजूला केलं. "ते नंतर."

"अहो, पण एवढी वर्षं कशाला? मी तुम्हाला चार महिन्यांत बांधून देतो."

"शिंदे," ते म्हणाले. "आधी कागदावर चालली पाहिजे. मग रस्त्यावर."

हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं ते साठ्यांनाच माहीत. त्यांनी मोजलंही असेल.

पहिल्या भेटीतच मी त्या गाडीत अडकलो. एक तर मला गाड्या आवडतात. दुसरं म्हणजे, गाडी झाल्यावर पहिली फेरी तुम्हालाच मारून आणतो, असं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं आणि फाइलमध्ये लिहूनही टाकलं. "शिंदे, पहिली फेरी." माझं नाव आजवर बिलांवर आणि नोटिसांवर लिहिलं गेलं होतं. इतक्या सुंदर अक्षरात कुणी लिहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या गॅरेजमध्ये जायला लागलो. पहिलं वर्षभर तिथे गाडीचं काहीच नव्हतं. भिंतीवर तो तक्ता होता, खाली दोन खुर्च्या होत्या आणि वाचन होतं. शेल्फवर दह्याचे रिकामे डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर मराठी आकडे. "ह्यात काय आहे?" मी विचारलं. "अजून काही नाही. एकोणीस नंबरमध्ये आठ मिलिमीटरचे वॉशर येतील. २००६ साली." रिकाम्या डब्यांवरची धूळ ते दर रविवारी पुसत.

बरोबर अकरा वाजता ते एक केळं खात. अकराला पाच कमी असताना केळं बाहेर येई, पण सोललं जाई अकरालाच. आणि बोलताना "साधारण" हा शब्द वापरायची सोय नव्हती. "साधारण दोन फूट असेल," मी म्हटलं की लगेच, "साधारण म्हणजे किती?" मी आयुष्यभर साधारणवर धंदा केला. माझं डोकं तापायचं. एकदा तापून मी म्हणालो, "साधारण म्हणजे माझ्या टाळक्याएवढं!" त्यांनी खरोखर टेप काढली.

त्यांची बायको सुनंदावहिनी चहा आणून देत आणि दारात उभ्या राहून तक्त्याकडे बघत. त्या पुण्यात शाळेत शिकवायच्या. इथे आल्यावर गाडी शिकायला दोनदा गेल्या, दोनदा घाबरून परत आल्या. "भाऊजी," त्या मला म्हणायच्या, "लवकर करा हो ह्यांची ती गाडी." मला वाटे, गॅरेज अडलंय म्हणून बाई वैतागली असेल. त्या वेळी मी जास्त विचार केला नाही. भाव करताना समोरच्याचा डोळा वाचणारा माणूस मी, पण चहाच्या वेळी माझं डोकं बंद असतं.

२००२ मध्ये मला दाता गाडी सापडली. तशी सापडत नाही. छोटी दोन माणसांची लाल गाडी, मागून ठोकलेली, पुढचं सगळं नव्यासारखं. साठ्यांच्या फाइलीत तिचंच चित्र होतं. भंगारवाल्याशी मी सकाळी नऊला बोलायला बसलो आणि दुपारी एकला उठलो. मध्ये दोनदा निघून गेलो, एकदा त्याने मला हाकललं, एकदा मी त्याच्या कुत्र्याला शिव्या दिल्या. शेवटी त्याने हात जोडायचेच बाकी ठेवले. त्या भावात लोकांना त्या गाडीचा रेडिओ मिळाला नसता. ती ओढत आणून मी साठ्यांच्या दारात उभी केली आणि हॉर्न वाजवला.

साठ्ये सपाता घालून बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडून आत बघितलं. मान हलवली. मला वाटलं, आता मिठी मारतात.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "पण शिंदे, ही चौथ्या वर्षात येते. आपलं दुसरं चालू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून जागा झालेली नाही."

"अहो, जागा समोर दिसतेय! दोन खुर्च्या उचला की झाली जागा!"

"कागदावर झालेली नाही."

माझ्या तोंडून जे निघालं ते छापण्यासारखं नाही. समोरच्या घरातल्या म्हातारीने खिडकी लावून घेतली. साठ्ये मात्र शांत. रागावलेल्या माणसासमोर ते दुसऱ्याच्या छत्रीत उभं राहिल्यासारखे उभे राहत, अंग चोरून, पाऊस थांबायची वाट बघत. मी ओढत आणलेली गाडी ओढत परत नेली. दोन वर्षं ती माझ्या दुकानामागे पडून राहिली. शेवटी इंजिन एकाला दिलं, बाकीचं दुसऱ्याला.

आणि मग एप्रिल २००४ मध्ये, त्यांच्या तक्त्यावर चौथ्या रकान्याला जिथे सुरुवात होते त्याच आठवड्यात, साठ्यांचा फोन आला. "शिंदे, ती लाल गाडी आहे ना अजून?"

मी फोन आपटला. तो फुटला. तो नवीन घेतानाही मी भाव केला.

दुसरी दाता गाडी आम्हाला विस्कॉन्सिनमध्ये मिळाली. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाने खाल्लेली, दुप्पट भावाची. परत येताना साठ्ये शेजारी बसून म्हणाले, "बघा, वेळेवर मिळाली."

पाचव्या वर्षी संच घ्यायला आम्ही मिशिगनला गेलो. संच विकणारा पोट सुटलेला दाढीवाला गोरा होता, चांगला मुरलेला. मी वाटेत साठ्यांना तीन वेळा बजावलं होतं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही. मान हलवायची नाही. गाडी आवडली तर जमिनीकडे बघायचं." माझी पद्धत सोपी आहे. आधी वस्तूला नावं ठेवायची, मग दुसऱ्या दुकानाचं नाव घ्यायचं, मग घड्याळ बघायचं, मग दरवाजापर्यंत जायचं. माझा हात दरवाजाच्या मुठीवर होता. दाढीवाला तोंड उघडणार, आता तो खाली येणार, हे मला त्याच्या खांद्यावरून कळलं होतं. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"सर, युवर प्राइस इज व्हेरी रीझनेबल. आय हॅव डन द कॅल्क्युलेशन."

मी वळून बघितलं तर साठ्यांनी फाइल उघडून त्याच्यापुढे एक कागद ठेवला होता. नळ्या, वेल्डिंग, फायबर, मजुरी, सगळं मांडून त्यांनी सिद्ध केलं होतं की त्या माणसाचा नफा फार कमी आहे. दाढीवाला तो कागद दोनदा वाचून म्हणाला, "कॅन आय कीप धिस?"

मी बाहेर जाऊन माझ्या ट्रकमध्ये बसलो आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आत साठ्यांनी एकट्याने ऑर्डरचा फॉर्म भरला. त्या फॉर्ममध्ये त्यांनी कुठल्या चौकटीत खूण केली ते मी बघितलं नाही. रागाने माझं आजवर जे नुकसान झालं, त्यातलं ते सगळ्यात मोठं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मी त्यांना डिकॅल्बच्या पलीकडे, मक्याच्या शेतांत, वॉल्टर नावाच्या एका निवृत्त टपालवाल्याकडे घेऊन गेलो. खेड्याकडचे टपालवाले स्वतःच्या गाडीने टपाल वाटतात. त्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणजे बसल्या जागेवरून रस्त्याकडेच्या पेटीत हात पोचतो. वॉल्टरची जुनी टपालगाडी कोठारात गंजत पडली होती आणि साठ्यांना तिचे पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा हवा होता. मी विचारलंही होतं, उजवीकडचा माल कशाला? ते म्हणाले, "लांबी जमते. कागदावर हाच बसतो." बाकी कुणाला तो माल नको होता, म्हणजे स्वस्त मिळणार होता. आणि स्वस्त मिळतंय म्हटल्यावर माझी बुद्धी तिथेच खुंटते. ह्या वेळी मी साठ्यांना ट्रकमधून उतरूच दिलं नाही.

वॉल्टरने पाइप ओढत विचारलं, ह्याचं करणार काय तुम्ही लोक?

"गाडीत लावणार," मी म्हणालो.

"मग ती गाडी टपालपेट्यांजवळ बरी चालेल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मीही हसलो. मोठ्या झोकात मी तो माल उचलला आणि ट्रकच्या काचेवर टकटक करून साठ्यांना म्हणालो, "शिका जरा! असा करतात भाव!" साठ्ये माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, माझ्या कर्तबगारीने गप्प झाले.

सहाव्या वर्षी जोडणी सुरू झाली, आणि खरं सांगतो, ते वर्ष माझं इथलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. दह्याच्या डब्यांत अखेर वॉशर आले. साठ्यांचा हात मशीनसारखा चाले. मी दहा बोल्ट आवळीपर्यंत ते एक आवळत, पण त्यांचा आवळलेला बोल्ट पुन्हा बघावा लागत नसे. माझे दहाच्या दहा ते पुन्हा बघत. भांडणं रोजची. पण अकरा वाजता ते केळं सोलायचे आणि अर्धं मला द्यायचे, न बोलता. काम सहाव्या रकान्यात मावलं नाही, पुढच्या वर्षात सांडलं. तसं पहिल्यांदाच झालं, तरी साठ्ये अस्वस्थ दिसले नाहीत. उलट बरे दिसत होते.

२००७ च्या मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला मी इचलकरंजीला गेलो. परत आल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन थेट त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो. गाडी चाकांवर उभी होती. हिरवं अंग बसलं होतं, सीटा बसल्या होत्या, आणि स्टिअरिंग बसलं होतं. उजवीकडे.

मी आधी डोळे चोळले. मग मला जो आनंद झाला तो काय सांगू! सहा वर्षं कागद, सहा वर्षं आकडे, "साधारण म्हणजे किती", आणि ह्या महापुरुषाने स्टिअरिंग उलट्या बाजूला बसवलं!

"साठ्ये!" मी ओरडलो. "चुकलात! अहो, सणसणीत चुकलात!" हसता हसता मी तिथल्या टायरवर बसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साठ्ये फडक्याने एकेक बोट पुसत होते. "चुकलं नाही, शिंदे."

सुनंदावहिनी चहा घेऊन दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "अहो, तुम्ही अजून भाऊजींना सांगितलं नाहीत?"

मी तक्त्याकडे बघितलं. सातव्या रकान्यात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, एकच शब्द लिहिला होता. पुणे.

हसू कुठल्या कुठे गेलं. गाडी इथल्या रस्त्यांसाठी नव्हतीच. निवृत्त होऊन दोघं परत जाणार होते आणि गाडी बरोबर नेणार होते. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. मिशिगनच्या फॉर्मवर त्यांनी खूण केली होती तीही उजवीकडच्याच चौकटीत. वॉल्टरच्या कोठारात मी घसा कोरडा करून जो माल मिळवला तो ह्याच कामासाठी. माझा मित्र मला सोडून जाणार होता, आणि त्याला लागणारं सामान त्याच्यासाठी स्वस्तात मिळवून देणारा गाढव मीच होतो.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"पाचवा रकाना संपेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं."

"आणि संपल्यावर?"

साठ्ये फडक्याची घडी करत म्हणाले, "तुमचा मूड बरा नव्हता."

"माझा मूड कधी बरा असतो?"

"तेच," ते म्हणाले.

मी पेढ्यांचा पुडा परत उचलला आणि निघून आलो.

पाच महिने मी तिकडे फिरकलो नाही. फोन आला तर कामात आहे म्हणून सांगायला लावलं. पेढे दुकानातच खाऊन टाकले. नोव्हेंबरात एक गिऱ्हाईक आलं, जहाजाने माल पाठवण्याच्या धंद्यातलं. ब्रेक बदलता बदलता मी सहज विचारलं, घरी जोडलेली गाडी भारतात न्यायची तर? तो हसायलाच लागला. घरी जोडलेल्या गाडीला कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, तपासणीचं प्रमाणपत्र नाही. "बंदरात सडेल," तो म्हणाला. मी आणखी दोघांना विचारलं. दोघांनी तेच सांगितलं.

मी दुकानाला कुलूप घातलं आणि थेट साठ्यांचं घर गाठलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. इतका हुकमी पत्ता माझ्या हातात कधीच आला नव्हता. गाडी जाणार नाही म्हणजे योजना मोडली, योजना मोडली म्हणजे साठ्ये जाणार नाहीत. जेवणाच्या टेबलाशी दोघं मटार सोलत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जरा चढवूनच सांगितलं.

"सात वर्षांत हे एक विचारलं नाहीत?" मी टेबलावर हात आपटला. मटार उडाले. "सगळं कागदावर, आणि एक फोन करायचा सुचला नाही?"

साठ्ये खाली पडलेले मटार वेचू लागले. बराच वेळ वेचत राहिले. "हे कागदावर नव्हतं," एवढंच म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला नव्हता. सुटल्यासारखा दिसत होता. तो चेहरा मला ओळखीचा आहे. सौदा फिसकटावा अशी मनातून इच्छा असलेला माणूस तसा दिसतो.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले आणि म्हणाल्या, "मग गाडी राहू दे इथे. आपण जाऊ."

"अगं, पण योजना..."

"योजना तुमची होती. मला नुसतं जायचं होतं." आवाज अजिबात चढला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, मला इथे कोथिंबीर आणायलाही कुणाच्या तरी गाडीत बसावं लागतं. २००१ साली मी म्हटलं, परत जाऊ. हे म्हणाले, गाडी बांधतो, ती झाली की जाऊ. मी थांबले. हे रिकामे डबे पुसत बसले तरी मी थांबले."

तेव्हा मला ती लाल गाडी आठवली, आणि ती दारात आली तेव्हा सपाता घालून बाहेर आलेला माणूस. त्या दिवशी मी त्यांना गाडी नव्हे, विमानाचं तिकीट आणून दिलं होतं. साठ्ये गाडी कागदावर सात वर्षं चालवत होते, कारण रस्त्यावर आली की जावं लागणार होतं. आणि मी दर रविवारी जाऊन म्हणत होतो, उरका, उरका.

त्या दिवशी टेबलाशी मी आयुष्यातला एकच सौदा सपशेल हरलो. साठ्यांना ठेवून घ्यायला गेलो आणि त्यांच्या जाण्यातली शेवटची अडचण दूर करून आलो.

घर मार्चमध्ये विकलं गेलं. गाडी मीच घेणार होतो, तिचा भाव ठरवायला साठ्ये माझ्याकडे आले. सवयीने मी एक अत्यंत निर्लज्ज आकडा सांगितला. म्हटलं, आता तरी भांडेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे." पुन्हा माझा अख्खा दिवस वाया गेला.

गाडी आजही दुकानामागे आहे. गिऱ्हाइकं विचारतात, विकणार का? मी सगळ्याचा भाव सांगतो, तिचा सांगत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी पहिली फेरी मारून आणली. फाइलमध्ये लिहिलेलं होतं, म्हणून. मी माझ्या दुकानाची तात्पुरती नंबराची पाटी लावली. साठ्ये उजवीकडे बसले, मी डावीकडे. सात वर्षं घासाघीस करून मिळवलेल्या गाडीत माझ्यापुढे स्टिअरिंग नव्हतं, पेडल नव्हते, हात कुठे ठेवावेत ते कळेना. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई माझे रिकामे हात बघून किंचाळायच्या बेतात होती. गाडीत बसूनच कॉफी घेतात त्या खिडकीपाशी पैसे मी दिले, कारण खिडकी माझ्या बाजूला होती. गाडी अशी चालत होती की मला तिला एक नाव ठेवता आलं नाही. मी प्रयत्न केला.

"किती झाले?" साठ्यांनी परत येताना विचारलं. मैलांचा काटा माझ्या बाजूला होता.

"साधारण चार," मी म्हणालो. मग वाकून बघितलं. "तीन पूर्णांक आठ."

त्यांनी मान हलवली.

त्यांच्या दारात पोचल्यावर ते आत वळले नाहीत. रस्त्याच्या कडेला गाडी अगदी सावकाश नेऊन त्यांनी टपालपेटीपाशी थांबवली, अशी की पेटी बरोबर त्यांच्या कोपरापाशी आली. बसल्या जागेवरून हात लांब केला, झाकण उघडलं. आत काही नव्हतं. टपाल आधीच पुण्याच्या पत्त्यावर वळवलेलं होतं. तरी ते आत बघत राहिले. मग झाकण लावलं, टपालवाल्याने पत्र न्यावं म्हणून वर करतात ते पेटीच्या बाजूचं तांबडं निशाण एकदा वर केलं, परत खाली केलं, आणि म्हणाले, "पोचतो हो हात."